विश्लेषण : बूट कापडाचा की प्लास्टिकचा? आयात पादत्राणांचे वर्गीकरण कसे ठरते आणि त्याचा भार कोणावर?

लक्ष्मी रस्त्यावरच्या किंवा फर्ग्युसन रस्त्यावरच्या दुकानात मांडलेला परदेशी बनावटीचा जोड ग्राहकासाठी ‘स्नीकर’, ‘सँडल’ किंवा ‘रनिंग शू’ असतो. सीमाशुल्क खात्यासाठी मात्र तो आधी एक आठ अंकी क्रमांक असतो. हा क्रमांक चुकला, तर व्यापाऱ्याला काही वर्षांनीही फरकाच्या रकमेची नोटीस येऊ शकते. गेल्या काही वर्षांत पादत्राणांवरचे शुल्क जवळपास एकाच पातळीवर आल्याने हा वाद मिटेल असे वाटत होते. तो मिटला नाही, त्याने फक्त जागा बदलली. ती कशी, आणि पुण्यातील छोट्या आयातदाराने व ग्राहकाने त्यातून काय समजून घ्यावे, याचा हा आढावा.

क्रमांक कोण ठरवतो?

जगातील बहुतेक देश मालाच्या वर्गीकरणासाठी एकच यादी वापरतात. तिला ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’, बोलीभाषेत ‘एचएसएन’ म्हणतात. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते. यादीतले पहिले सहा अंक सर्वत्र सारखे असतात. पुढचे दोन भारताने आपल्या सोयीने जोडले आहेत. सीमाशुल्क दर कायदा १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत ही यादी आहे आणि पादत्राणांसाठी तिथे ६४ वे प्रकरण आहे.

पुण्याचा माल बहुतांशी न्हावा शेवा बंदरात उतरतो. काही माल तिथेच सोडवला जातो, तर काही कंटेनर सीलबंद अवस्थेत तळेगाव किंवा दिघीच्या अंतर्देशीय कंटेनर डेपोत येतात. कुठेही सोडवला, तरी ‘बिल ऑफ एन्ट्री’मध्ये क्रमांक लिहिण्याची पहिली जबाबदारी आयातदाराची असते. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १७ मधील बदलानुसार २०११ पासून स्वयंमूल्यांकनाची पद्धत आहे. म्हणजे क्रमांक तुम्ही लिहायचा, शुल्क तुम्ही काढायचे आणि खाते नंतर तपासणार. २०२० पासून ‘फेसलेस असेसमेंट’ आल्याने पुण्याच्या कागदपत्रांची छाननी दुसऱ्याच शहरातील अधिकारी करू शकतो. बूट त्याच्या हातात नसतो. त्याच्या पडद्यावर वर्णन, चलन आणि फार तर छायाचित्र असते.

प्रकरण ६४ मध्ये काय आहे?

इथे सहा मुख्य शीर्षके आहेत. ६४०१ मध्ये रबर-प्लास्टिकचे, शिवण किंवा खिळ्यांविना जोडलेले, पाणी आत न येणारे गमबुटासारखे प्रकार येतात. सोल आणि वरचा भाग दोन्ही रबर-प्लास्टिकचे असलेली बाकीची पादत्राणे ६४०२ मध्ये जातात. वरचा भाग चामड्याचा असेल तर ६४०३, कापडाचा असेल तर ६४०४. यांपैकी कशातच न बसणारे ६४०५. सुटे भाग ६४०६.

व्यापारात ज्याला ‘अप्पर’ म्हणतात तो वरचा भाग आणि खालचा सोल, या दोनच गोष्टींवर सारे ठरते. बुटाचा उपयोग, ब्रँड, किंमत यांना मुख्य शीर्षक ठरवताना जवळपास स्थान नाही. प्रकरणाच्या चौथ्या टिपेनुसार अप्परमध्ये ज्या पदार्थाने बाहेरचा सर्वाधिक पृष्ठभाग व्यापला असेल, तो अप्परचा पदार्थ. सोलच्या बाबतीत जमिनीला सर्वाधिक टेकणारा पदार्थ. बकल, शोभेच्या पट्ट्या, घोट्यावरचे ठिगळ, लेसच्या भोकांची पट्टी, सोलवरचे खिळे किंवा नाल हे मोजायचे नाहीत.

ऐकायला हे सरळ आहे. प्रत्यक्षात आजचा धावण्याचा बूट पाहा. खाली जाळीदार कापड, त्यावर वितळवून चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, टाचेला कृत्रिम चामडे. या पट्ट्या केवळ मजबुतीसाठी आहेत की त्याच अप्पर आहेत? खालचे कापड स्वतःच्या जोरावर अप्पर म्हणून टिकेल का, हा इथे कळीचा प्रश्न ठरतो. टिकत असेल तर वरच्या पट्ट्या मजबुतीकरण म्हणून वगळता येतात आणि बूट ६४०४ मध्ये जातो. नसेल तर त्या मोजाव्या लागतात आणि तोच बूट ६४०२ कडे सरकू शकतो.

दुसरा घोळ रेक्झिनचा. कापडावर प्लास्टिकचा थर असेल आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत असेल, तर तिसऱ्या टिपेनुसार ते कापड नव्हे, प्लास्टिकच. केवळ रंग बदलला म्हणून थर ‘दिसतो’ असे मात्र धरत नाहीत. त्यामुळे दुकानात ‘लेदर लुक’ म्हणून विकला जाणारा पीयूचा बूट कायद्याच्या भाषेत चामड्याचाही नाही आणि कापडाचाही नाही.

कोल्हापुरी आणि हवाई चपलेचे स्थान कुठे?

या यादीत आपल्याला ओळखीच्या दोन चपला त्यांच्या बांध्यावरून सापडतात. ६४०३.२० या उपशीर्षकाचे जागतिक वर्णन असे : चामड्याचा सोल, आणि पायाच्या वरून जाणारा व अंगठ्याभोवती असणारा चामड्याचा पट्टा. कोल्हापुरी चप्पल पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन वाचून वेगळे चित्र काढावे लागणार नाही. भारताच्या आठ अंकी यादीत याच गटात कोल्हापुरी व तत्सम पादत्राणांची ओळ आहे. तिकडे ६४०२.२० मध्ये सोलच्या भोकात गुंडीने अडकवलेल्या पट्ट्यांची रबर-प्लास्टिकची चप्पल येते, म्हणजे आपली हवाई चप्पल.

आता बारकावा पाहा. कोल्हापुरीला पावसापाण्यात घसरू नये म्हणून खाली रबराचा पत्रा चिकटवला, की जमिनीला टेकणारा पदार्थ बदलतो. चप्पल ६४०३ मध्येच राहते, पण ६४०३.२० मधून बाहेर पडते. पट्टे रेक्झिनचे केले आणि सोलही रबराचा असेल, तर ती थेट ६४०२ मध्ये जाते. दिसायला तिन्ही कोल्हापुरीच.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीशी साम्य असलेले सँडल दाखवले, तेव्हा मोठा वाद झाला. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे आहेत. पण मानांकन नावाचे रक्षण करते, तर सीमाशुल्काची यादी पदार्थ पाहते. सोल आणि अंगठ्याचे पट्टे चामड्याचे असतील, तर मिलानहून येणारा महागडा जोड आणि कोल्हापुरात शिवलेला जोड एकाच उपशीर्षकात बसतील. यादीला ना कारागीर दिसतो, ना ब्रँड. कारागिराचे रक्षण केवळ आयात शुल्काने होईल, अशी समजूत असणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

शुल्क किती? ते खरोखर कमी झाले का?

पादत्राणांवरचे मूळ सीमाशुल्क २०१८ च्या अर्थसंकल्पात १० वरून २० टक्के झाले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २५ आणि २०२० मध्ये ३५ टक्के. त्यावर मूळ शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार. म्हणजे एकूण ३८.५ टक्के. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ३५ वरून २० टक्क्यांवर आले आणि ‘शुल्ककपात’ अशी चर्चा झाली. पण त्याच वेळी १८.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लागला आणि समाजकल्याण अधिभार काढला गेला. २० अधिक १८.५ म्हणजे पुन्हा ३८.५.

उदाहरण घेऊ. आयात मूल्य ३,००० रुपये असलेला जोड. मूळ शुल्क ६०० रुपये, उपकर ५५५ रुपये, एकूण १,१५५. जुन्या पद्धतीने १,०५० आणि १०५, एकूण तेवढेच १,१५५. त्यानंतर ४,१५५ रुपयांवर १८ टक्के एकात्मिक जीएसटी, म्हणजे ७४७ रुपये ९० पैसे. दारात येईपर्यंत खर्च ४,९०२ रुपये ९० पैसे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला यातील जीएसटीची वजावट मिळते, १,१५५ रुपयांची मिळत नाही. ती रक्कम शेवटी ग्राहकाच्या बिलातच येते.

सर्व शीर्षकांवर दर सारखाच, मग वाद कशाचा?

६४०१ पासून ६४०५ पर्यंत दर एकच असल्याने कापड की प्लास्टिक या प्रश्नाने थेट शुल्क बदलत नाही, हे खरे. पण क्रमांकाला इतर चार गोष्टी बांधलेल्या आहेत.

पहिली, तयार जोड की सुटे भाग? ६४०६ मधील भागांवर २०२० मध्ये मूळ शुल्क १५ वरून २० टक्के झाले, मात्र तयार जोडांवरचा १८.५ टक्के उपकर त्यांच्यावर नाही. म्हणून अप्पर आणि सोल सुटे आणून इथे जोडण्याचा मोह होतो. इथे स्वयंपाक करणे खरोखर इथल्या उद्योगाला काम देते. पण एकाच मालात अप्पर, सोल आणि बाकी सारे जोडायच्या तयारीत आले असेल, तर वर्गीकरणाचा नियम २(अ) त्याला तयार बूटच समजतो. सुटा केला म्हणून बूट बूट राहत नाही, असे होत नाही.

दुसरी, कोणत्या देशातून? आसियान देशांशी वस्तू व्यापाराचा करार २०१० पासून लागू आहे. व्हिएतनाम, इंडोनेशिया हे मोठे पादत्राण उत्पादक त्यात आहेत, चीन नाही. सवलत ओळीनुसार मिळते, म्हणून इथे ६४०२ की ६४०४ हा प्रश्न पुन्हा पैशाचा होतो. सवलतीसाठी साधारणपणे ३५ टक्के मूल्य करारातील देशांत तयार झालेले असावे आणि सहा अंकी क्रमांक बदललेला असावा, अशी अट आहे. चीनमधून आलेले भाग फक्त चिकटवून व्हिएतनामचा शिक्का मारला तर मूल्याची अट अडते. सप्टेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या ‘कॅरोटार’ नियमांनी याची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली. नुसते मूळ देशाचे प्रमाणपत्र दाखवून भागत नाही.

तिसरी, आयएसआय चिन्ह. पादत्राणांचे गुणवत्ता नियंत्रण आदेश १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाले. कोणत्या जोडाला कोणते भारतीय मानक लागते, हे त्याचा प्रकार आणि पदार्थ यांवर ठरते. परदेशी कारखान्याकडे भारतीय मानक ब्यूरोचा परवाना नसेल तर माल बंदरातच अडतो. शुल्क भरूनही तो सुटत नाही. वेगळे वर्णन लिहून मानकातून निसटण्याचा प्रयत्न हा आता शुल्क चुकवण्याइतकाच मोठा धोका आहे.

चौथी, किंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति जोड २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. २,५०० चा जोड करासह २,६२५ रुपयांना पडतो, तर २,६०० चा ३,०६८ रुपयांना. शंभर रुपयांच्या फरकाला ४४३ रुपये मोजावे लागतात. पदार्थाचे वर्गीकरण सोपे केले आणि किंमतीचे नवे वर्गीकरण उभे केले, असेच याला म्हणावे लागेल. या रेषेभोवती किंमती कमी दाखवण्याचा मोह वाढणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

‘ऑर्थो’ चप्पल वैद्यकीय साधन आहे का?

टाचदुखीसाठी ‘ऑर्थो’ चपला पुण्यात गल्लोगल्ली मिळतात. अस्थिव्यंग दुरुस्त करणारी पादत्राणे ६४ व्या प्रकरणात येत नाहीत, ती ९०२१ मध्ये जातात आणि तिथले शुल्क बरेच कमी आहे. मग साऱ्याच ऑर्थो चपला तिकडे का नाहीत? कारण ९० व्या प्रकरणाच्या सहाव्या टिपेची अट. असे पादत्राण एक तर रुग्णाच्या मापाने बनवलेले हवे, किंवा मोठ्या प्रमाणावर बनवले असेल तर ते जोडीने नव्हे, एकेक स्वरूपात आणि कोणत्याही पायात बसेल असे हवे. डावा-उजवा जोड, सहा ते दहा नंबर, रंगीत खोक्यात, हे कायद्याच्या दृष्टीने साधे पादत्राणच. खोक्यावरचा शब्द काही असो.

न्यायालये काय म्हणतात?

चपलांच्या नावावरून किती वाद होऊ शकतो, याचा नमुना २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दिसला. प्रकरण निर्यातीचे होते. चेन्नईतील एका निर्यातदाराने महिलांचे चामडी सँडल पाठवले होते. सँडलवर १० टक्के शुल्कपरतावा होता, चपलेवर ५ टक्के. टाचेमागे पट्टा नाही म्हणजे ही चप्पलच, असे खात्याचे म्हणणे. महिलांच्या सँडलला मागे पट्टा असलाच पाहिजे असे नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. तज्ज्ञ संस्थांचे आणि व्यापारातील मत त्यात महत्त्वाचे ठरले. एका पट्ट्याचा हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला.

सर्वोच्च न्यायालयाची दोन जुनी तत्त्वे इथे उपयोगी आहेत. १९७५ च्या डनलॉप प्रकरणात न्यायालयाने सांगितले की वस्तू एखाद्या नेमक्या शीर्षकात बसत असेल तर तिला ‘इतर’च्या खात्यात ढकलू नये. आणि २००६ च्या एचपीएल केमिकल्स प्रकरणात स्पष्ट केले की आयातदाराने किंवा उत्पादकाने सांगितलेले वर्गीकरण बदलायचे असेल तर पुराव्याचा भार खात्यावर असतो. छोटा व्यापारी नोटीस आल्यावर घाबरून पैसे भरतो तेव्हा ही दुसरी गोष्ट त्याला सहसा कुणी सांगितलेली नसते.

चूक झाली तर काय?

कलम २८ नुसार साध्या चुकीत दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन फरक मागता येतो. संगनमत, हेतुपुरस्सर खोटी माहिती किंवा माहिती दडवणे असा आरोप असेल तर पाच वर्षांपर्यंत. त्यावर व्याज आणि दुसऱ्या प्रकारात शुल्काइतका दंड. पाच वर्षांत तो माल विकून संपलेला असतो, ग्राहकाकडून फरक वसूल करता येत नाही आणि नफा केव्हाच दुकानात मुरलेला असतो. अपिलात जायचे तर मागणीच्या साडेसात टक्के रक्कम आधी भरावी लागते. वर्गीकरणाचा वाद न्यायाधिकरणानंतर थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. तिथवर जाण्याची ताकद किती दुकानदारांत असते?

यावर सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे माल मागवण्याआधीच विचारणे. सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाचे मुंबईत कार्यालय आहे. दहा हजार रुपये शुल्क भरून, नमुन्यासह अर्ज करता येतो आणि तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे. तो अर्जदारावर आणि खात्यावर बंधनकारक असतो. एका कंटेनरच्या मानाने दहा हजार ही मोठी रक्कम नाही.

ग्राहकासाठी एक सूचना. परदेशी संकेतस्थळावरून स्वतःसाठी एखादा जोड मागवला, तर तो सहसा ६४ व्या प्रकरणात नव्हे, वैयक्तिक वापराच्या ९८०४ या शीर्षकात जातो आणि त्याचा दर वेगळा असतो. कुरिअर कंपनीने मागितलेली रक्कम कोणत्या शीर्षकाखाली आहे, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.

पुढे काय व्हावे?

शुल्कातला फरक मोठा असेल तर उद्योग बुटाचा आकार बदलतो, कायद्याचा नव्हे. अमेरिकेत कन्व्हर्स कंपनीने काही बुटांच्या रबरी सोलवर लोकरीसारखा पातळ कापडी थर दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यामुळे जमिनीला टेकणारा पदार्थ कापड ठरतो आणि बूट घरात घालायच्या सपात्यांच्या स्वस्त दरात बसतो. भारताने पाचही शीर्षकांना एकच दर ठेवून असल्या युक्त्यांची हवा बरीचशी काढून घेतली, हे योग्यच झाले. म्हणून उरलेल्या रेषांचाही विचार त्याच न्यायाने व्हायला हवा.

मूळ दर आणि उपकर मिळून ३८.५ टक्के घ्यायचे असतील तर तसे एका ओळीत सांगावे. कपातीचे शीर्षक आणि उपकराची तळटीप, ही पद्धत करदात्याचा विश्वास वाढवत नाही. २,५०० रुपयांच्या रेषेवर एकदम तेरा टक्क्यांची उडी ठेवण्याऐवजी, वरच्या रकमेवरच जास्त दर लावता येईल का, हे जीएसटी परिषदेने तपासावे. आगाऊ निर्णय इंग्रजी निकालपत्रांच्या रूपात संकेतस्थळावर असतात. त्यांतून पादत्राणांपुरते चित्रांसह मराठी मार्गदर्शन काढणे मुंबई आणि पुण्याच्या आयुक्तालयांना अवघड नाही. आणि मूल्यांकन जर दूरच्या अधिकाऱ्याने पडद्यावर पाहून करायचे असेल, तर अप्परच्या पदार्थाचे मोजमाप आणि सोलचे छायाचित्र अर्जातच मागवावे. म्हणजे पाच वर्षांनी ‘माहिती दडवली’ असा आरोप करायला जागा उरणार नाही.

आयातदारानेही ‘मागच्या वेळी हाच क्रमांक चालला’ या भरवशावर राहू नये. मागच्या वेळी चालला याचा अर्थ कुणी तपासला नाही, इतकाच असू शकतो. प्रत्येक मॉडेलचा एक नमुना, पुरवठादाराकडून पदार्थांचे टक्केवारीसह विवरण आणि चिन्हाचा परवाना एवढे तीन कागद फाइलमध्ये असले, तर नोटीस आली तरी उत्तर देता येते. हे कागद नसताना मात्र खरे वर्गीकरण करणाऱ्यालाही आपला खरेपणा सिद्ध करता येत नाही.